एका पुंगळीचा हिशोब

(दहावी १९९७ बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. वेळेअभावी बोलताना गाळलेला थोडा भाग इथे घेतला आहे.)



निवेदकाने माझी ओळख ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर, पुणे’ अशी करून दिली. संयोजकांनी फोन केला तेव्हा विषयही तसाच सुचवला होता. “एआयवर दहा मिनिटं बोल, आपल्या पोट्ट्यायचं पुढं काय होणार ते सांग.” मी हो म्हटलं आणि कागद घेऊन बसले. पण लिहिता लिहिता वाटलं, एआयबद्दल तुम्हाला मोबाइलवर रोज कोणी ना कोणी सांगतच असतं. त्यापेक्षा या शाळेत शिकलेल्या कोणत्या गोष्टी मी आजही रोज वापरते, त्याचा हिशोब मांडावा.

गणित वापरते. मराठीही वापरते, कारण इंग्रजीत ई-मेल लिहायचं असलं तरी विचार आधी मराठीतच होतो. पुढे पुसदला बाबासाहेब नाईक कॉलेजात इंजिनिअरिंग केलं, तेही उपयोगाचं ठरलं. पण कागदावर सगळ्यात वर जे आलं, त्याचे मार्क दहावीच्या गुणपत्रिकेत नव्हते. ते म्हणजे एनसीसीचं फायरिंग. आठवीत-नववीत शनिवारच्या परेड आणि नववीच्या डिसेंबरमधला, १९९५ मधला, यवतमाळचा दहा दिवसांचा कॅम्प. त्यात प्रत्यक्ष गोळी झाडायला मिळाली ती फक्त पाच वेळा. त्या पाच गोळ्यांवर मी आज बोलणार आहे. शेवटी एक कबुलीही द्यायची आहे. ती ऐकून काही जणी माझ्याशी बोलणं बंद करतील, म्हणून जेवण आधीच उरकून घेतलं आहे.

एनसीसीत आपण सगळे देशसेवेसाठी गेलो होतो, असं म्हणायची पद्धत आहे. खरं म्हणजे परेडनंतर समोसा आणि केळं मिळायचं. (हशा) एनसीसी १९४८ साली सुरू झाली, मुलींचा विभाग त्याच्या पुढच्या वर्षी, १९४९ मध्ये. म्हणजे आपण गेलो तेव्हा मुलींच्या एनसीसीला पंचेचाळीस वर्षं होऊन गेली होती. तरी आमच्या घरी कॅम्पच्या फॉर्मवर सही करताना आजी म्हणालीच, “पोट्टीच्या जातीले बंदूक कायले पायजे वं?” बाबा जिनिंगमध्ये हिशोब लिहायचे. त्यांनी फक्त विचारलं, “गोळ्या मोजून देतात ना?” मी म्हटलं, देत असतील. “मग जाऊ द्या,” म्हणाले आणि सही केली. त्यांचा भरवसा मोजणाऱ्या माणसांवर असायचा.

दारव्ह्याहून आपण एसटीने गेलो. शकुंतलेने गेलो असतो तर कॅम्प संपल्यावर पोचलो असतो.

आपले उस्ताद तुम्हाला आठवत असतील. हवालदार होते, उत्तरेकडचे, मिशीत हसणारे. पहिल्या दिवशी मैदानात ते म्हणाले, “शिस्त लो.” आपण सगळ्या जणी ताडकन सावधानमध्ये उभ्या राहिलो, छाती पुढे, हनुवटी वर. उस्तादांना कळेना या पोरी करतायत काय. मग कळलं, फौजेच्या हिंदीत शिस्त म्हणजे नेम. आपल्या जुन्या मराठीतसुद्धा ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणे. आपण नेम विसरलो आणि ताठ उभं राहणं तेवढं ठेवलं. पुढे नोकरीत ‘शिस्त पाहिजे’ असं कोणी म्हटलं की मला आधी उस्ताद आठवतात, आणि मी विचारते, नेम कशावर धरायचा आहे?

पहिले तीन दिवस गोळी सोडाच, रिकामी पुंगळीही दिसली नाही. चार गोष्टी पाठ करून घेतल्या. त्या जगातल्या कुठल्याही फायरिंग रेंजवर थोड्याफार याच असतात.

पहिली: रायफल हातात आली की ती भरलेली आहे असंच समजायचं. बोल्ट मागे ओढायचा, आत बघायचं. देणाऱ्याने तुमच्यासमोर बघितलं असलं, तरी घेणाऱ्याने पुन्हा बघायचं. यात कोणी कोणाचा अपमान मानायचा नाही. दुसरी: नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला. कोणी मागून हाक मारली तर मान वळवायची, रायफल नाही. तिसरी: नेम पक्का होईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. आणि चौथी: लक्ष्य काय आहे, आणि लक्ष्याच्या मागे काय आहे, ते माहीत असल्याशिवाय गोळी सोडायची नाही.

तेव्हा वाटायचं, एकच नीट पाळली तर बाकीच्या तीन कशाला? रायफल रिकामी आहे हे बघितलं की झालं! इंजिनिअर झाल्यावर त्यातली हुशारी कळली. माणूस चुकणार, हे धरूनच हे नियम केले आहेत. एखादी दमलेली पोरगी बोल्ट बघायला विसरेल, पण नळी सुरक्षित दिशेला असेल तर कोणाला इजा होणार नाही. नळी चुकून वळेल, पण बोट बाहेर असेल तर गोळी सुटणार नाही. अपघात व्हायला एकाच वेळी दोन-तीन नियम मोडावे लागतात. आम्ही कॉम्प्युटरची मोठी यंत्रणा उभी करतो तेव्हा असंच करतो, एक भिंत पडली तर मागे दुसरी असावी म्हणून. त्याची पुस्तकं मी नंतर वाचली, पण पहिला पाठ सतरंजीवर पालथं झोपून झाला होता.

चौथ्या नियमाबद्दल थोडं जास्त सांगते. आपली रायफल पॉइंट टू-टू. गोळी जाडीला साडेपाच मिलिमीटरच्या आसपास, करंगळीच्या नखाहून बारीक. लक्ष्य २५ यार्डांवर. पण ती एवढीशी गोळी मोकळ्यावर सुटली तर दीड किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. म्हणून रेंज टेकडीच्या पोटाशी होती आणि लक्ष्यांमागे मातीचा बांध होता. उस्ताद म्हणायचे, गोळी तुमची आहे ती नळीत असेपर्यंत.

हे वाक्य मला २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये फार आठवलं. २ नोव्हेंबरच्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातल्या बोराटीच्या जंगलात टी-१ वाघीण, जिला लोक अवनी म्हणत, ती गोळीने मारली गेली. पांढरकवडा-राळेगाव भागातली तेरा माणसं गेल्याचं तिच्या नावावर सांगितलं जात होतं. सांजवेळी शेतातून परत यायची भीती त्या गावांनी महिनोनमहिने सोसली. पुण्यात माझ्या ऑफिसात काही जण वाघिणीसाठी हळहळत होते आणि इकडे फोनवर आत्या म्हणत होती, “आता तरी पोट्टे शेतात जातील.” दोन्ही बाजूंचं मला समजत होतं, म्हणून मी गप्प राहिले. पण नंतरचे सगळे प्रश्न बघा. आधी बेशुद्धीचा डार्ट की आधी गोळी? अंतर किती होतं? सोबत कोण असायला हवं होतं? चौकशी झाली, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. गोळी सुटायला क्षण लागला आणि तिचा हिशोब कितीतरी काळ चालला. बंदूक हातात घेणाऱ्याला हे आधीच माहीत असावं लागतं. त्यासाठीच तो कंटाळवाणा क्रम असतो, एकामागून एक, एकही पायरी न गाळता.

आता नेमाबद्दल. उस्ताद तीन गोष्टी घोकून घ्यायचे: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, दुरुस्त ट्रिगर. नेम धरताना तीन गोष्टी एका रेषेत येतात. डोळ्याजवळची मागची साइट, नळीच्या टोकावरची पुढची साइट आणि लांबचं लक्ष्य. डोळ्याला तिन्ही एकदम स्वच्छ दिसत नाहीत. मला वाटायचं लक्ष्य स्वच्छ दिसलं पाहिजे. उस्ताद म्हणाले, नाही, पुढच्या साइटचं टोक स्वच्छ दिसू दे, लक्ष्य थोडं पुसट असलं तरी चालेल. कारण लक्ष्य कुठे पळत नाही, हलते ती तुझी रायफल. मोठ्या कामाच्या ऐन गर्दीत मी अजूनही हेच करते. तारीख भिंतीवर आहे, ती थोडी पुसट दिसली तरी हरकत नाही. हातात आत्ता जे आहे, त्याचं टोक स्वच्छ दिसतंय का?

ट्रिगरचं तर आणखी गंमतीचं. गोळी सुटताना आवाज होणार, धक्का बसणार, हे माहीत असल्यामुळे शरीर आधीच दचकतं आणि त्या दचक्यानेच नेम चुकतो. उस्तादांनी यावर उपाय केला. रिकाम्या रायफलच्या नळीवर टोकाशी चार आण्याचं नाणं ठेवायचं आणि ते न पाडता ट्रिगर दाबायचा. आठवतं? दिवसभर नाणी पडत होती. ट्रिगर ओढायचा नसतो, लिंबू पिळतो तसा हळूहळू दाबत जायचा असतो. गोळी नेमकी कधी सुटली हे आपलं आपल्यालाच कळू नये. तीन दिवस नाणं पाडून पाडून चौथ्या दिवशी माझं नाणं राहिलं. तीन दिवसांत एकही गोळी न झाडता मी गोळी झाडायला शिकले होते. आमच्याकडे नवीन येणाऱ्या मुलांना मी पहिला महिना खऱ्या यंत्रणेला हात लावू देत नाही, ते चिडतात. त्यांना मी चार आण्याचं नाणं दाखवते. आता ते चलनातही नाही, तरी मी एक जपून ठेवलं आहे.

आणि ग्रुपिंग. पाच गोळ्या कागदावर कुठे लागल्या, यापेक्षा त्या एकमेकींच्या किती जवळ लागल्या, हे आधी बघतात. माझ्या पाचही गोळ्या मधल्या काळ्या गोलाच्या बाहेर होत्या, खाली डावीकडे. मी रडकुंडीला आले. उस्तादांनी कागदावर अंगठा ठेवला. पाचही भोकं त्या अंगठ्याखाली झाकली गेली. “बहुत बढ़िया,” म्हणाले. शेजारच्या मुलीची एक गोळी बरोब्बर मध्यभागी होती आणि बाकीच्या चार चार दिशांना. तिला म्हणाले, अजून मेहनत कर. एकाच जागी चुकणाऱ्याची चूक साइट फिरवून दुरुस्त करता येते. सगळीकडे चुकणाऱ्याचं काय दुरुस्त करायचं ते आधी शोधावं लागतं. मुलांच्या मार्कांकडे बघताना, हाताखालच्या माणसांकडे बघताना आणि स्वतःकडे बघतानाही हा अंगठा मला फार उपयोगी पडला.

आता कबुली.

त्या दिवशी फायरिंग आठ-आठ जणींच्या तुकडीत चाललं होतं. आठ जणी, प्रत्येकी पाच गोळ्या, एकूण चाळीस. बोल्ट मागे ओढला की रिकामी पुंगळी उजवीकडे उडून गवतात पडायची. आपण त्या वेचून उस्तादांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. चाळीस गोळ्या दिल्या तर चाळीस पुंगळ्या परत. त्याशिवाय पुढची तुकडी आत येत नाही. कारण पुंगळी कमी भरली म्हणजे एखादी गोळी झाडलीच गेली नसेल आणि ती जिवंत गोळी कोणाच्या तरी खिशात असेल, असा संशय धरावा लागतो.

आमच्या तुकडीच्या भरल्या एकोणचाळीस.

उस्तादांनी पुन्हा मोजल्या. एकोणचाळीस. मग आपल्याला एका ओळीत उभं केलं आणि गवत हाताने विंचरत पुढे जायला लावलं. काळी माती, कोरडं गवत, त्यात गोखरूचे काटे. मॅडम, तुम्हीसुद्धा साडीचा पदर खोचून आमच्यासोबत वाकून शोधत होतात. जवळजवळ दोन तास. उन्हं उतरली. शेवटची तुकडी पलीकडे बसून वाट बघत होती. मग कॅम्पचे अधिकारी आले. उस्ताद त्यांच्यासमोर सावधानमध्ये उभे राहिले. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, पण उस्तादांचा चेहरा मला दिसत होता.

ती चाळिसावी पुंगळी माझ्या खाकी पँटच्या खिशात होती.

मला ती घरी न्यायची होती. आजीला दाखवायची होती. एवढीशी पितळी, ऊन पडलं की सोन्यासारखी चमकणारी. घेताना चोरी वाटली नाही, आठवण वाटली. मोजणी सुरू झाली तेव्हा पहिल्या मिनिटात सांगायला हवं होतं. पहिल्या मिनिटात फार तर पन्नास उठाबशा मिळाल्या असत्या. पाच मिनिटांनी सांगणं अवघड झालं. अर्ध्या तासाने अशक्य झालं. तुम्ही सगळ्या माझ्यासोबत, माझ्याच खिशात असलेली वस्तू गवतात शोधत होता, आणि मीही शोधत होते. सगळ्यांत मन लावून.

अंधार पडायला आला तेव्हा मी ती हळूच गवतात सोडली आणि चार पावलं पुढे गेले. दोन मिनिटांनी मागून एकजण ओरडली, “सापडली!” ती शेवटच्या तुकडीतली. तोपर्यंत त्यांनाही शोधायला बोलावलं होतं. तिचं कौतुक झालं, संध्याकाळी तिला जास्तीची जिलेबी मिळाली. उजेड संपल्यामुळे फायरिंग तिथेच थांबलं. दुसऱ्या दिवशी रेंज आपल्याला नव्हती. शेवटच्या तुकडीतल्या आठ जणींना त्या कॅम्पात एकही गोळी झाडायला मिळाली नाही. पुढच्या वर्षी आपण दहावीत गेलो आणि एनसीसी सुटली. म्हणजे त्यांना ती कधीच मिळाली नाही.

त्या आठांपैकी तिघी आज इथे बसल्या आहेत.

मी हे कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. पहिल्यांदा सांगितलं ते २०१९ मध्ये, आमच्या टीममधल्या पंचविशीतल्या एका मुलाला. आम्ही औषधांच्या गोदामांसाठी सॉफ्टवेअर सांभाळत होतो. कोणतं औषध कुठे किती आहे, कोणत्या दुकानाला किती पाठवायचं, असं ते काम. एका रात्री या मुलाने एक आज्ञा दिली. त्याला वाटलं तो सरावाच्या यंत्रणेवर आहे. होता तो खऱ्या यंत्रणेवर. म्हणजे रायफल रिकामी आहे असं समजून त्याने ट्रिगर दाबला. एका गोदामाचे साठ्याचे आकडे शून्य झाले. त्याच क्षणी फोन केला असता तर आधीची प्रत चढवून तासाभरात सगळं पूर्ववत झालं असतं. त्याने केला नाही. स्वतःच दुरुस्त करत बसला. तीन तासांनी, पहाटे, तिकडून ट्रक रिकामे उभे असल्याचा फोन आला, तेव्हा आम्हाला कळलं. तोवर नवे आकडे आणि जुने आकडे एकमेकांत मिसळले होते. निस्तरायला दोन दिवस लागले. दुकानांपर्यंत औषधं उशिरा पोचली.

मी त्याच्यावर ओरडले. भरपूर ओरडले. “तीन तास काय करत होतास?” असं विचारलं आणि विचारता विचारता माझी जीभ जड झाली. कारण तीन तास तो काय करत होता, ते माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? तो गवत विंचरत होता.

त्याला काढून टाका, असं वरून सांगणं आलं होतं. मी दुसऱ्या दिवशी त्याला कँटीनमध्ये नेलं आणि पुंगळीची गोष्ट सांगितली. तो आधी हसला, मग रडला. त्याला काढलं नाही, त्यासाठी मला बरंच भांडावं लागलं. त्यानंतर आमच्या टीममध्ये एक नियम केला, तो आजही आहे. चूक झाली की पहिल्या दहा मिनिटांत जो सांगेल, त्याला ‘का केलंस’ विचारायचं नाही, ‘काय झालं’ एवढंच विचारायचं. आणि खऱ्या यंत्रणेचा पडदा लाल केला, सरावाचा हिरवा, म्हणजे रायफल भरलेली आहे की नाही ते डोळ्यांना दिसावं.

हे लाल-हिरवं मी कुठून उचललं? बालेवाडीहून. माझी मुलगी तिथल्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलातल्या रेंजवर एअर रायफल शिकायला जाते. दहा मीटरवरचं लक्ष्य, त्याच्या मधोमध अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, तो म्हणजे दहा गुण. तिथे नेम धरायचा नसतो तेव्हा प्रत्येक रायफलच्या नळीत एक भडक रंगाची दोरी घालून ठेवतात. ती बाहेर लोंबताना दिसली की समजायचं, रायफल रिकामी आहे. ‘मी बघितलंय, रिकामीच आहे’ हे तोंडी चालत नाही, दिसलं पाहिजे.

त्या रेंजवर मुली इतक्या असतात की आजीचा प्रश्न तिथे कोणाला समजणारही नाही. अंजली भागवत एनसीसीतूनच नेमबाजीकडे आल्या आणि २००० साली सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेती झाली. गेल्या ऑलिम्पिकमध्ये, २०२४ ला पॅरिसमध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेने ब्राँझ आणलं. आपल्याला १९९५ मध्ये यातलं काही माहीत नव्हतं. आपल्याला पाच गोळ्या माहीत होत्या. आणि आठ जणींना त्याही नाही.

हे भाषण लिहून झाल्यावर गेल्या महिन्यात मी त्या ‘सापडली’ म्हणून ओरडणाऱ्या मैत्रिणीला दिग्रसला फोन केला. तिचं नाव न घेता का होईना, पण गोष्ट तिची आहे, परवानगी घ्यायला हवी. मी चाचरत सगळं सांगितलं. तिकडे शांतता. मग म्हणाली, “मले माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“तू टाकली तवाच पायली मी. तुह्याच मागं होती ना.”

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? तुझ्या गोळ्या गेल्या होत्या. ती म्हणाली, “सांगून का माह्या गोळ्या परत आल्या असत्या? तुले कॅम्पातून घरी धाडलं असतं. अन् तुह्या बाबानं मंग तुले कुठीच पाठवलं नसतं.”

चौदा वर्षांची पोरगी. स्वतःची संधी गेलेली, समोर चोर दिसतोय, आणि तिने मिनिटभरात एवढा पुढचा विचार केला. बाबांनी मला पुढे पुसदला पाठवलं, पुसदहून पुण्याला. त्या प्रत्येक सहीच्या मागे तिचं ते गप्प राहणं आहे, हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. नेम तिचा चांगला होता, गोळी न झाडताही.

मॅडम, तुमच्या साडीला त्या दिवशी गोखरू लागून ती फाटली होती. मला तो हिरवा काठ आठवतो. तुमची माफी मागते. उस्ताद आज कुठे असतील ते मला शोधूनही कळलं नाही. त्यांची माफी राहिली, ती राहणारच.

आणि शेवटच्या तुकडीच्या आठ जणींनो, तुमच्या प्रत्येकी पाच याप्रमाणे चाळीस गोळ्या माझ्या नावावर बाकी आहेत. पॉइंट टू-टूची रायफल मी देऊ शकत नाही. पण बालेवाडीला एअर रायफल आहे. पुण्याला या, दिवसभराची फी माझी, राहणं-जेवण माझ्याकडे. कागदावर पाच छर्रे झाडा. मध्यभागी नाही लागले तरी चालेल, अंगठ्याखाली आले म्हणजे झालं. आणि निघताना एकही छर्रा खिशात टाकायचा नाही, मी मोजून घेईन.